पासंग

निपाणीत, जुन्या हायवेला लागून माझं दुकान.
दौलत शमुवेल आवळे, काटे-तागड्या दुरुस्ती.
पाटीवर कानडी वर, मोठं. मराठी त्याखाली.
आणि कोपऱ्यात टिकलीएवढा क्रूस, माझ्याच हातानं रंगवलेला.
मराठी न येणारे कानडी वाचतात, कानडी न येणारे मराठी,
क्रूस दोघांनाही वाचता येतो
म्हणून प्रश्न दोन्ही भाषांतून येतात.

आज मुरगुडे आले, वखारीतला तंबाखूचा काटा घेऊन.
स्टुलावर बसले, चहा घेतला, हसले.
वाईट नव्हतं हो हसणं, सवयीचं होतं.
"दौलू, खरं सांग मर्दा,
तुझ्या आज्ज्यानं किती पोत्यांवर देव बदलला?"

भाचा होता तिथं, निनाद, बंगळूरहून सुट्टीला आलेला.
त्याच्या मोबाइलात उत्तरं भरलेली असतात
इतिहासाची, विज्ञानाची, समोरच्याला गप्प करणारी.
बोट काचेवर गेलंच त्याचं.
थांब, म्हटलं. हे वजन माझं आहे.

"दोन पोती, आप्पा. जोंधळ्याची.
काट्यापुढं बसून खोटं कशाला बोलू?
भूक होती, त्यांनी दिलं, आम्ही खाल्लं.
घरात नऊ तोंडं. मिरगाआधीच पोती झाडून झाली.
पुढं काही मिळालं नाही.
गोरा साहेबही बोटीत बसून गेला.
आज्जा राहिला.
दर रविवारी सहा मैल, अनवाणी, उपासनेला.
त्या चालण्याचं वजन करा की एकदा."

मुरगुडे "हं" म्हणाले.
हं म्हणजे हो नाही.
मीही ते ओढून होपर्यंत नेलं नाही.

रात्री निनाद जेवता जेवता उसळला:
"मामा, तुम्ही कबूलच करून टाकलं!
देव आहे, हे सिद्ध कुठं केलंत?"

मला सिद्ध करता येत नाही रे.
मला काटा कळतो.
कुठलीच तागडी सरळ जन्मत नाही.
एक पारडं हलकं असतंच, केसाएवढं का होईना.
मग त्याच्या बुडाला एक खडा बांधायचा, चिंधीत.
तो मालात धरत नाहीत, मापात धरत नाहीत,
गिऱ्हाइकाचं लक्षही जात नाही तिकडं.
काढून बघ. सगळा बाजार खोटा होतो.

माझं पारडं कुठं कलतं ते मला माहीत आहे.
तुझ्या बहिणीच्या फीच्या वर्षी
खोट्या मापांना खरं म्हणालो मी, चार महिने.
तेव्हा वाद घालून कुणी मला परत आणलं नाही.
पाळक आले, ओट्यावर बसले,
माझ्याबरोबर शेंगा फोडत राहिले दिवेलागणीपर्यंत.
विषय त्यांनी काढला नाही.
मी काढला.

आणि ही हूवक्का, पलीकडच्या बोळात विड्या वळते.
पोरगी बेळगावच्या दवाखान्यात.
"निन्न देवरिगे हेळु," म्हणाली, तुझ्या देवाला सांग.
माझं कानडी बाजारापुरतं,
मी मराठीतच सांगितलं, दुकानाच्या पायरीवर.
ती डोळे मिटून, मध्ये मध्ये "हौदु, हौदु".
दुसऱ्या दिवशी ती सौंदत्तीच्या बसमध्येही चढली.
निनाद विचारतो, मग ही कुणाच्या खात्यात?
तसली वही मी ठेवली नाही.
पोरगी अजून दवाखान्यातच आहे.
मी अजून सांगतोय.

सकाळी मुरगुड्यांचा काटा उघडला.
किलोला चाळीस ग्रॅम खात होता, शेतकऱ्याचे.
स्प्रिंग बदलली, घासला, तेल दिलं.
"नीट केलास?"
"नीट केला."
"आधीच बरा होता," म्हणाले,
पण पैसे मोजून दिले, पाच रुपयेही कमी नाहीत.
पोऱ्यानं काटा टेम्पोत चढवला.
ते उतरून पुन्हा दारापर्यंत आले,
पाटीकडं बघत थोडा वेळ उभे राहिले.
कुठली ओळ वाचली, मी विचारलं नाही.