घर-बीर

डिचोलीच्या कोर्टात नकलनीस आहे मी, बावीस वर्षं.
'खरी नक्कल' हा शिक्का
दिवसाला साठ-सत्तर वेळा उठतो माझ्या हातून.
पहिल्या वर्षी हसू यायचं:
नक्कल, आणि वर खरी!

द्वारकी मळीकच्या दाव्यात
सर्वांत जुना कागद पोर्तुगीज, एकतीस सालचा,
खाली तिच्या आजेसासऱ्याचा अंगठा.
अंगठा उतरवता येत नाही.
त्या जागी मी लिहितो: 'येथे अंगठा.'

भाटकाराची कैफियत आली: घर माझं, ही बाई पाहुणी.
तिच्या वकिलाने प्रत्युत्तर दिलं.
जुने वकील त्याला रेप्लिका म्हणत,
त्यावर उलट आली की त्रेप्लिका.
पोरं डोंगराकडे तोंड करून भांडतात तसं,
तूच, तूच,
आणि शेवटचा शब्द डोंगराचा.

साक्षीत ती म्हणाली, "माजें घर-बीर थंयच आसा."
साहेबांनी विचारलं, बीर म्हणजे काय?
टंकलेखिकेची बोटं थांबली.
द्वारकी बोटांवर मोजू लागली:
बांय. फणस. म्हशीचा खुंटा.
न्हाणीमागचं अळू.
घोव टेकून बसायचा तो खांब, तेलकट झालेला...
साहेबांनी लिहून घेतलं: घर.

आता सगळं संगणकावर.
इथली नोंद पर्वरीच्या सर्व्हरवर उमटते,
तिथून आणखी कुठे, जिथे आमच्यातलं कुणी गेलेलं नाही.
एक जळालं तर दुसरं उरावं म्हणून.
प्रत कधीकधी मागे राहते, कॉम्प्युटरवाला रुपेश सांगतो,
दोन-तीन सेकंद.

चवथीनंतर द्वारकी गेली.
मी नोंद केली: वादी मयत.
त्याच दिवशी अस्नोड्याजवळ कुणीतरी केबल खणून तोडली.
दोन दिवस ती पर्वरीत हयात होती,
पुढची तारीख लागलेली.
"होईल सर, हळूहळू जुळेल," रुपेश म्हणाला.
हळू एकदा म्हटलं तर हुकूम वाटतो.
दोनदा म्हटलं की माया.
मी घाई केली नाही.

निकाल लागला. घर वारसांचं.
अक्षर न् अक्षर उतरवलं, शिक्का मारला,
शाईवर फुंकर घातली.
बीर कुठेच नव्हतं.

बावीस वर्षांत कुणाच्या कागदात
एक शब्द वाढवलेला नाही मी.
पेन्सिल-बिन्सिल
कपाटात कुलूप लावून ठेवतो.