उपचार या रकान्यात

पौषातली सकाळ. चिचटोल्याच्या शेवटच्या घरी
झोळीतून वजनकाटा काढला, तर
त्याचा हूकही इतका गार
की आधी पदरात धरून बसले.

रामकलाचं पोर सात दिवसांचं.
एक किलो नऊशे.
काखेत थर्मामीटर : पंच्याण्णव पॉइंट चार.
प्रशिक्षणात पाठ केलेलं वाक्य तोंडातून निघून गेलं,
"खोली उबदार ठेवायची, बाई."

ती हसली. रागानं नाही.
घरात खुर्ची नसताना
पाहुण्यानंच "खुर्ची घ्या" म्हणावं, तसं.

सिलिंडर कोपऱ्यात आहे, दिवाळीपासून रिकामा.
त्याच्यावर आता मुरमुऱ्याचा डबा बसतो.
मोळी आणावी तर नाक्यावर गार्ड,
आणि ओली काडी पेटवली की
फुलवंताबुढी खोकत खोकत अंगणात जाते,
तिथं हिव तिची वाटच पाहत असते.
"दार लावलं त धूर मारते," बुढी म्हणाली,
"उघडलं त हिव. तूच सांग पोरी,
कोनाच्या हातानं मरू?"

माझ्या वहीत तेरा रकाने.
ताप, खोकला, किती दिवस, कोणती गोळी.
कुडाच्या फटीतून पलीकडचा मोह दिसतो,
त्याला रकाना नाही.
फटी मोजायला लागले. बेचाळिसावर सोडून दिलं.

पोर आईच्या उघड्या छातीशी बांधलं,
डोक्याला टोपडं, वरून वाकळ.
बिनधुराची एवढीच चूल त्या घरात,
आणि ती रात्रीपासून नुसत्या पेजेवर.

मग शेजारची देवकन आली, हातात घमेलं.
मागून तिची नणंद सुकवारो,
आणि उगाच बघायला आलेला ईस्तारी,
त्याला तणस आणायला पिटाळलं.
माती, शेण, बारीक कापलेलं तणस.
उत्तरेची भिंत लिंपून झाली, पश्चिमेची अर्धी.
माती होती अजून, ऊनच संपलं.
पहिल्या रात्री ओली भिंत जास्तच गार पडली,
रामकलानं मला शिव्या दिल्या असतील,
दिल्याच असतील.

दहाव्या दिवशी सत्त्याण्णव पॉइंट दोन.
बुढीचा खोकला तसाच.

"उपचार" या रकान्यात मी लिहिलं :
माती, अकरा घमेली.
तालुक्याच्या साहेबांनी त्यावर बोट ठेवलं,
ही कोणती गोळी?

म्हटलं, साहेब, स्टॉकमध्ये नसते ती.
अर्धी भिंत बाकी आहे अजून.
आणि त्या सिलिंडरचं काहीतरी
तुम्ही लिहा,
तुमच्या वहीत.