नावं ठेवणारं घराणं

दर शनिवारी शिडी लावून मी त्यांची धूळ पुसते.
वाल्गसारेचं चर्च, उत्तरेची भिंत,
एकोणीस ओकच्या ढाली, सोनेरी मुलामा उडालेल्या,
आणि प्रत्येकीवर तोच मासा, दातांत किल्ली धरलेला.
फॉन आल्डरहोर्न. सातशे वर्षं.
किल्ली कशाची, ते कुणी लिहून ठेवलं नाही.
आई म्हणायची, आपल्या कणगीची.

पहिला बेर्टोल्ड समुद्रावरून आला,
छातीवर क्रूस, बुडाखाली उसना घोडा.
घोडा परत केल्याची नोंद नाही.
मिळाली ती चौदा गावं, दोन तळी,
आणि आम्ही.

पुढचे मला आता गर्दीतही ओळखू येतील.
एबरहार्डने तीन राजांचं मीठ खाल्लं,
एकाच्याही मिठाला जागला नाही,
म्हणून तर गढी शाबूत राहिली.
डोरोटेआ मेणबत्त्यांची टोकंसुद्धा मोजायची.
तिच्या हिशेबाच्या वहीत, समासात, तेवढ्याच बारीक अक्षरात:
‘आज पाचवं मूल पुरलं. मेण तीन शेर.’
तिच्या ढालीवर माझं फडकं जरा हळू फिरतं.
आणि जनरल ओटो राइनहोल्ड. त्याचा डावा पाय
त्याच्या अकरा वर्षं आधी या फरशीखाली आला,
तोफांची सलामी घेऊन.
त्याच लढाईत गेलेली आमची सहा पोरं
कुठे आहेत, विचारू नका.

एका दुपारची मात्र ढाल नाही.
अठराशे सव्वीस. भूदास मोकळे करा, असा हुकूम आलेला,
आणि मोकळ्या माणसाला आडनाव लागतं.
तोवर आम्ही यानचा मार्ट, मार्टचा यान,
ओढ्यापलीकडची लीसू.
बॅरनला शिकारीला जायचं होतं.
त्याने काम लेकीवर सोपवलं. युलियाना, वय सोळा.
गढीच्या पायरीवर टेबल, दौत, चेरींची बशी,
अंगणात रांग, टोप्या हातात.
तिने आधी झाडं वाटली.
झाडं संपल्यावर पक्षी.
पक्षी संपल्यावर तिला कंटाळा आला,
मग एकाला म्हणाली ‘बादली’, एकाला ‘गुरुवार’.
माझ्या खापरपणजोबाची पाळी झाडांतच आली.
वारा सुटला, फाटकाजवळचा रोवन हलला,
लाल फळांनी लगडलेला,
आणि मान वर न करता तिने लिहिलं: पिहलाकस.

अशी नावं ठेवली त्यांनी आम्हाला.
ठेवत तर ते आधीपासूनच होते.

चार मैल तो नाव पुटपुटत चालला.
जर्मन बाईने दिलेला आपल्याच भाषेतला शब्द
विसरेल म्हणून घाबरला,
आणि शेवटी रोवनची एक डहाळी
दातांत धरून घरी आला.

कोनराड शेवटचा.
एकोणचाळीसच्या ऑक्टोबरात, जहाज भोंगा देत असताना,
त्याने चर्चची किल्ली आईच्या हातात ठेवली.
‘परत येईन,’ म्हणाला,
आमच्या भाषेत, व्याकरण चुकवून.
आईने ते चुकलेलं वाक्य जन्मभर तसंच सांगितलं,
दुरुस्त केलं नाही.
रशियन आले तेव्हा ढाली तिने बटाट्यांखाली लपवल्या.
का, ते तिलाही कधी सांगता आलं नाही.

घराण्यातला शेवटचा पुरुष गेला
की ढाल त्याच्या थडग्यावर फोडायची, असा त्यांचा रिवाज.
कोनराड कुठेशी परक्या गावात गेला, निपुत्रिक.
फोडायला कुणी नव्हतं. ढालही नव्हती.

नामशेष म्हणावं, तर नावही शेष नाही.
टपाल कचेरीत टेलिफोनची डिरेक्टरी चाळून पाहिली.
आल्डरहोर्न, एकही नाही.
पिहलाकस एक्केचाळीस.
गुरुवारही आहेत, सात जण,
त्यातला एक माझे दात बघतो.

विसाव्या ढालीसाठी ठोकलेली खुंटी
भिंतीत अजून आहे, चांगली मजबूत.
काम झालं की तिच्यावर
मी ओलं फडकं वाळत घालते.