सक्शनची बाजू

टिंबर मार्केटच्या मागच्या अंगाला
हौसाबाई मेथ्यांची जळणाची वखार.
फोनवर एवढंच म्हणाल्या,
"मशीन रडाय लागलंय ओ, शिकलगार.
बाभळीत पाचर निम्मी जाती आन् थांबती."

रडणं ऐकलं की निम्मं कळतं.
पंपाला तेल कमी पडलं, की आवाज येतो
डब्यात खडे घालून हलवल्यासारखा.
पण ऐकलेल्याचं बिल करता येत नाही,
म्हणून स्कूटरला पान्यांची पिशवी अडकवून गेलो.

टाकीचं झाकण काढलं.
तेलावर फेस,
नुकत्या धार काढलेल्या चरवीत असतो तसा.
थेंब घेऊन दोन बोटांत चोळला:
खर नाही, जळका वास नाही.
पातळी बरोबर.
होजच्या क्लिपा आवळल्या, सांध्यांना ग्रीस फासलं.
हवा ओढत असता, तर आवाज बदलला असता.
बदलला नाही.

माझा बाप ह्याच वखारीत कुऱ्हाडींना धार लावायचा.
कुऱ्हाडीचं दुखणं डोळ्याला दिसतं,
दांडा नाहीतर पातं, तिसरं काय असणार?
हे यंत्र मात्र सगळं पोटात ठेवतं.

"फिल्टर तर परवाच नवा घातलाय," बाई म्हणाल्या.
"भाच्यानं आणला लक्ष्मीपुरीतनं. बाराशेचा.
सगळ्यात बारीक जाळीचा मागून घेतला,
म्हटला, कचरा नको मशीनच्या पोटात."

कुठं घातला?
त्यांनी बोट दाखवलं:
टाकीतून पंपाकडं जाणारी जाड नळी.

मी हसलो नाही.
दहा मायक्रॉनचा कागद,
परतीच्या वाटेवरचा,
बसवला होता पंपाच्या तोंडावर.
नवाकोरा. ना भुसा, ना धूळ,
फिल्टर म्हणून त्यात काही खोट नाही.
आणि पहाटेच्या गारठ्यानं घट्ट झालेलं तेल
एकेक थेंब त्यातून वाट काढतंय,
पलीकडं पंपाचे दात
नुसतीच हवा चावतायत.

"बाई, सक्शनला भरड जाळी लागते.
पिठाची चाळण नको, वाळूची पाहिजे.
मोठा खडा अडला, बास झालं.
बारीक गाळायचं ते परतीला,
तेल काम करून घरी येतं तेव्हा."

त्या जरा गप्प राहिल्या.
मग म्हणाल्या, "तीन वरसं पोरगी बघतोय तो.
तिथंबी अशीच चाळण लावलीया."

जुनी जाळी ढलप्यांच्या ढिगाखाली सापडली.
डिझेलमध्ये धुतली, तोंडानं फुंकली, बसवली.
बाराशेचा डबा परतीवर लावायला गेलो,
तर तिथला जुना फिल्टर चिरमडून काळा पडलेला,
खरवडला तर बोटावर चमचम लोखंडाची.
त्याच्याकडं कुणी बघितलंच नव्हतं.

हवा काढायला दोनदा रिकामी फिरवली.
खडे वाजायचे थांबले.
मग पाचर बाभळीच्या बुंध्यात शिरली,
गाठीपाशी क्षणभर अडली
(बाईंनी श्वास धरला, मीही)
आणि लाकूड कडाडून दोन झालं,
आतून तांबूस, ओलं.

पैसे मोजून घेतले, चहा घेतला.
वखारीच्या तोंडाशी भाचा भेटला,
मोटरसायकल स्टँडला लावत,
काखेत नवीन खोकं.
"मामा, थांबा थांबा," म्हणाला,
"त्याच्याहून बारीक मिळाला."