चंद्राचा उशीर

कुताइसीच्या बाहुलीघरात दिवे माझ्याकडे.
पेटवायचे, विझवायचे, मधल्या वेळात गप्प बसायचं.
हे सारं ज्या प्रोग्रामवर चालतं
तो बनवणारी कंपनी बुडाली,
आणि त्याची तबकडी माझ्या आधीच्या ओतियाकडे राहिली.
तो आता पोलंडमध्ये ट्रक चालवतो, फोन उचलत नाही.
म्हणून खातुनाला आधीच बजावलं :
काहीही बदल, पुसू मात्र नकोस.
आत एकशे बारा प्रकाश आहेत,
एकाचीही नोंद कागदावर नाही.

ती म्हणाली, बोर्ड तोच राहील, मधला चौकोन फक्त नवा.
पण आधी बोर्डाला नव्याची ओळख करून देऊ,
जुना जागेवर असतानाच.
अर्धा तास एक पट्टी भरत राहिली.
वीज जाऊ नये म्हणून इपोलितेने,
जो देव मानत नाही,
एकदा खिडकीबाहेर वर पाहिलं.

मग पंखा. त्याच्यात सहा हंगामांची धूळ, लोकर,
राजाच्या दाढीचे केस.
तिने तो पिळत पिळत सोडवला.
ओढलं तर सगळंच हातात येतं, म्हणाली.
वाळलेला राखाडी लेप स्पिरिटने पुसला,
सोनेरी त्रिकोणाशी त्रिकोण जुळवून
नव्याला नुसतं सोडून दिलं. दाबायचं नसतं.
वर ताजा लेप, वाटाण्याएवढा.

"जुन्याला चार धागे होते, ह्याला बारा."
इपोलिते हसला : माझ्या राजाला नऊ आहेत,
तरी तो कुठे धड चालतो!

बटण. काळा पडदा.
वर खुंट्यांना बाहुल्या, खाली आम्ही तिघं,
जीव टांगणीला लागतो म्हणजे काय
ते तिथे नुसतं बघून कळलं असतं.
मग पांढरी अक्षरं : नवा प्रोसेसर सापडला.
जुन्या किल्ल्या पुसायच्या? हो की नाही?
खातुनाने विचारलं, आत कशाला कुलूप घातलं होतं का?
इथे संडासाला कडी नाही, मी म्हणालो.
तरी तिने "नाही" दाबलं.
"एकदा 'हो' दाबलं होतं," एवढंच बोलली.

ठिपके गोल गोल फिरले. उपकरणं तयार होत आहेत.
आणि मग तेच चेरीच्या झाडाचं चित्र,
कोपऱ्यात ओतियाचा पत्त्यांचा डाव, अर्धवट.
मी तोच आहे ना, असं यंत्राने दूर कुठेतरी विचारलं
आणि उत्तराची वाट न बघता कामाला लागलं.

एकेचाळिसावा प्रकाश : चंद्र.
मी दाबला. उगवला.
लगेच.

सहा वर्षं तो अर्धा श्वास उशिरा यायचा.
त्या अर्ध्या श्वासात म्झेविनार
राजकन्येचा हात वर न्यायची,
मान वळेपर्यंत उजेड पोचायचा,
पोरांना वाटायचं, तिने बोलावला म्हणून आला.
आता चंद्र आधी, हात मागाहून,
दार उघडं असताना कडी वाजवल्यासारखा.
"काय बिघडवलंत?" ती वरून ओरडली.

उशीर आत घालता येतो, खातुनाने घालून दाखवला.
म्झेविनारने तीनदा हात उचलला, तीनदा खाली ठेवला.
हा रोज सारखाच येणार, म्हणाली.
तो तसा नव्हता.

शनिवारी साठेक मुलं होती, एक रडत होतं.
मी बोट बटणावर ठेवलं,
लाकडी हात हलताना पाहिला,
आणि थांबलो,
त्या दिवशी थांबावंसं वाटलं तितकं.
जुना चौकोन खिशात होता.
त्याच्या पिना मांडीला टोचत होत्या.