चूळ भरायची नाही

भात-मासळीच्या ताटल्या विसळून झाल्या
की मी भिंतीवरची फळी खाली उतरवते.
सतरा भोकं, सतरा ब्रश,
आणि प्रत्येकाखाली एक चित्र.
वाचता येत नाही अजून कुणाला,
पण आपला आंबा, आपली होडी, आपली कोंबडी
कुणी विसरत नाही.

अंगणात आडवा बांधलेला पाइप,
खिळा तापवून पाडलेली छिद्रं,
सतरा बारीक धारा.
पेस्ट वाटाण्याएवढी घ्यावी, असं तक्त्यावर लिहिलंय.
गिमारास बेटावरच्या या पोरांनी वाटाणा पाहिलाय कुठे?
मी सांगते, दोन मुगांएवढी.

वर, खाली, मग अगदी आत,
जिथे जीभ सहज पोचते आणि ब्रश कुरकुरतो.
ईसा, दुहा, तत्लो...
साठपर्यंत मोजायचं असतं,
पण विसाच्या पुढे सगळ्यांची वाट चुकते,
म्हणून तीनदा वीस.
मग थुंकायचं.
आणि चूळ भरायची नाही.
हे शेवटचं सांगून सांगून
माझ्या दातांच्या कण्या झाल्या असत्या,
दात असते तर.

एलमार तोंड उघडायचा नाही.
चार वर्षांचा, होडीच्या चित्राचा मालक.
पाइपपाशी असा मिटून उभा राहायचा
की शिंपला बरा.
पुढचे दोन काळे पडलेले, मला ठाऊक होतं.
हसताना तोंडावर हात आडवा धरायचा,
मोठ्या माणसासारखा.
मी गोष्टी रचल्या, कागदाचे किडे नाचवले,
चिकटवायला तारे दिले.
एकदा दरडावलंसुद्धा,
आणि त्या रात्री मला झोप लागली नाही.

मंगळवारी मी सगळ्यांसमोर
वरची कवळी काढली.

सतरा धारा वाहतायत आणि एकही आवाज नाही.
मग ग्लेंडा किंचाळली, मग हसत सुटली,
"टीचर, तुझे दात निघतात!"
निघतात, म्हटलं. शब्द फसफसत बाहेर आले.
सोळाची होते मी.
डॉक्टर वर्षातून एकदा यायचा होडीने.
त्याच्याकडे चिमटा होता, वेळ नव्हता.

रांगेतच उभी राहून मी कवळी घासायला घेतली.
एलमार जवळ आला,
माझी रिकामी हिरडी निरखून पाहिली त्याने,
जाळं कुठे फाटलंय ते बघावं तशी.
"दुखतं?"
"आता नाही."
त्यावर तो बराच वेळ विचार करत राहिला.
त्या दिवशी घासले नाहीत.
गुरुवारी घासले, बाजूचे फक्त.
मी पाण्याकडे बघत राहिले.

पाच-सहा आठवड्यांनी त्याचा बाप दारात उभा.
इलोइलोच्या फेऱ्या मारतो होडीतून,
हातात टोपी, पायांना डिझेलचा वास.
"पोरगा रात्री झोपू देत नाही, टीचर.
समोर उभा राहून मोजतो.
मी आपला बोटाला मीठ लावून घासतो,
तर म्हणतो, हे खरं नाही.
मोठ्या माणसाचा एखादा... शिल्लक असेल का?"
हे विचारताना त्याने
तोंडावर हात आडवा धरला होता.

कपाटात एक होता. दिला.
पण एलमार अडून बसला:
चित्र कुठाय?
चित्राशिवाय कळणार कसं कुणाचा ते?
चित्रांच्या कागदावर उरला होता एकच खेकडा,
एक नांगी फाटलेला, सगळ्यांनी नाकारलेला.
बापाने तो स्वतःच लावला ब्रशच्या दांड्यावर,
अंगठ्याने दाबत दाबत,
जरा वाकडा.

फाटकापर्यंत एलमार त्याला बजावत गेला:
थुंकायचं. पण चूळ भरायची नाही.
"का बरं?" बापाने विचारलं.
पोरगा थांबला,
वळून माझ्याकडे बघायला लागला.
का, ते मी कधी सांगितलंच नव्हतं.