हौ

आमच्याकडं हौ म्हणजे हो.
हौ म्हणजे ऐकायलोय, बोल.
हौ म्हणजे बरं, बघू की.
हौ म्हणजे अर्धं लक्ष बशीतल्या चहात.
फोनवर नुसतं हौ हौ करत
माणसं सोयरीक जुळवतात, प्लॉट विकतात.

त्या दिवशी मी हौ म्हणालो.

औशाच्या माळावर शेठजींची पट्टी,
मुरूम दाबून केलेली, चारशे पावलं.
तिच्यावर आमचं विमान. विमान म्हणायचं आपलं:
पाइपा, कापड, दोन खुर्च्या,
पाठीमागं इंजिन, त्याच्याही मागं पंखा.
लग्नाच्या मांडवावर फुलं टाकायची, हा धंदा.
निलंग्यापासून किल्लारीपर्यंत
कुठल्या कुठल्या नवरदेवांवर झेंडू सांडलाय मी,
एकाचंही तोंड बघितलेलं नाही.

रऊफोद्दीन मूळचा मोटारी वाइंड करणारा.
पट्ट्यात गेलेलं डाव्या अंगठ्याचं नख,
कानामागं कायम टेस्टर.
बाभळीच्या उटी त्यानंच तासल्या,
शेपटीला बैलाचं दावं त्यानंच लावलं.
"बांधल्याबगैर खुराला हात लावू नये, साब,
जनावर कितीबी गरीब असू द्या."
मी हसायचो. तो गाठ पुन्हा ओढून बघायचा.

दुसरं लग्न होतं, बारा पस्तीसचा मुहूर्त.
बॅटरी बसलेली. इंजिन सकाळच्या फेरीनं गरम.
मागच्या खुर्चीत ओल्या झेंडूचं पोतं,
त्या वासानं डोकं चढलेलं,
आणि कानाला फोन. मांडववाला विचारत होता,
निघालात का?
त्याच वेळी मागून,
जिथं मला दिसत नाही तिथून,
"बटन बंद?"

हौ, म्हणालो मी.

कुणाला म्हणालो
ते मला आजही सांगता येत नाही.

बटन चालू होतं.
थ्रॉटल दोन बोटं उघडा.
गरम इंजिनाला निमित्त पुरतं.
त्यानं पातं हातानं पाव फेरा ओढलं असेल, नसेल.

विमान जागचं हललं नाही.
उटी लागलेल्या होत्या, दावं घट्ट होतं.
त्याच्या वाट्याचं सगळं त्यानं केलेलं होतं.

फोन चालूच होता. हॅलो, हॅलो, निघालात का.

दिल्लीहून दोन माणसं आली, फूटपट्टीनं सगळं मोजलं,
चहा नको म्हणाली.
अहवालात माझं हौ कुठंच नाही.
तिथं लिहिलंय, संवादातील त्रुटी.

लोक सांगतात, त्या जागी पुढच्या पावसाळ्यात झेंडू उगवला.
नाही उगवला. मी बघून आलो.
कुसळ आहे, आणि मुरुमावर तेलाचा एक डाग
जो जात नाही.

आता आयटीआयत पोरांना शिकवतो.
आधी उटी, मग दावं, मग थ्रॉटल मिटलेला,
मग बटन, आणि किल्ली काढून
ज्याचा हात पात्यावर जाणार
त्याच्याच खिशात.
मग ओरडा. ओरडून झालं म्हणजे झालं नाही,
उत्तर येईस्तोवर थांबा.
बंद विचारलं तर बंदच म्हणा,
तोच शब्द, बोट बटनावर ठेवून, बघून.
दुसरा कुठलाही शब्द आला
तर पात्यापासून दहा पावलं मागं.
बंद म्हटलं तरी ते चालूच आहे
असं समजून हात लावा.
कळलं का?

हौ सर, पन्नास पोरं एकदम.

मी खडू खाली ठेवतो.
पुन्हा पहिल्यापासून सांगतो.

रात्री सुलोचना आतल्या खोलीतून विचारते,
गॅस बंद केलाय का?
मी अंथरुणातून उठतो, लाइट लावतो,
बटनाला हात लावून बघतो, सिलिंडरच्याही.
तोवर तिला झोप लागलेली असते.
तरी दारात उभा राहून म्हणतो,
बंद.